कळफलकावरची बाराखडी

नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर नायगाव हे तालुक्याचे गाव लागते. तिथल्या किंवा मराठवाड्यातील अशाच एखाद्या गावच्या शाळेने पालकांसाठी मोबाइलवर केलेला गट उघडून पाहावा. उद्या शाळेला सुट्टी आहे, आधार कार्डाची प्रत पाठवा, सहलीचे पैसे अमुक तारखेपर्यंत जमा करा, असे निरोप तिथे येत असतात. भाषा मराठी, वाचणारे मराठी, आणि लिहिणारे गुरुजी वर्षानुवर्षे पहिलीला बाराखडी शिकवणारे. तरीही त्यातले बरेच निरोप रोमन अक्षरांत लिहिलेले असतात. असे का व्हावे?

याची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. एक म्हणजे आळस, दुसरे म्हणजे इंग्रजीचे वेड. दोन्ही उत्तरांत दोष माणसाच्या माथी मारला जातो. परंतु गेल्या काही दशकांत एक नवा व्यवसाय रूढ झाला आहे आणि त्यातील माणसे हे उत्तर सहसा मान्य करत नाहीत. ती म्हणतात, आधी त्या गुरुजींच्या हातातील कळफलक दाखवा. या व्यवसायाला ‘यूजर एक्स्पीरिअन्स डिझाइन’ म्हणतात. वापरणाऱ्याला वस्तू वापरताना काय अनुभव येईल याची आखणी करणे, असा त्याचा साधा अर्थ. ‘डिझाइन’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर साडीचा काठ किंवा मोटारीचा आकार येतो. इथे ज्याची आखणी करायची ते डोळ्यांना दिसेलच असे नाही.

हा शब्दप्रयोग डोनाल्ड नॉर्मन यांच्यामुळे रूढ झाला. १९९३ साली अ‍ॅपल या कंपनीत रुजू होताना त्यांनी आपल्या पदनामातच तो घातला. नॉर्मन शिकले विद्युत अभियांत्रिकी, पुढे डॉक्टरेट केली मानसशास्त्रात. ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. यंत्र कसे चालते हे जाणणारे पुष्कळ असतात, माणूस कसा विचार करतो हे जाणणारेही असतात. या व्यवसायाला दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात लागतात.

दोष माणसात शोधण्याआधी यंत्रात शोधावा, हा विचार मात्र नॉर्मन यांच्याही आधीचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमाने धावपट्टीवर सुखरूप उतरत आणि मग वैमानिक चुकून चाके आत घेई. विमान पोटावर आपटे. युद्धात तावून-सुलाखून निघालेले वैमानिक अशी चूक का करतात, याचा शोध अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने घेतला. त्याला आढळले की पंखांच्या झडपांची कळ आणि चाकांची कळ अगदी एकसारखी असून शेजारीशेजारी बसवलेली आहे. त्याने चाकांच्या कळीवर रबराचे छोटेसे चाक बसवले, तर झडपेच्या कळीवर पाचरीसारखा तुकडा. आता न पाहता, नुसत्या स्पर्शाने कळ ओळखू येऊ लागली. वैमानिकांना नव्याने काहीच शिकवावे लागले नाही.

आपल्याकडे या विद्येचे एक जुने केंद्र मुंबईत पवईला आहे. १९६९ साली आयआयटीमध्ये ‘औद्योगिक अभिकल्प केंद्र’ सुरू झाले. सगळे त्याला ‘आयडीसी’ म्हणतात. त्याच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते सुधाकर नाडकर्णी जे. जे. कलाशाळेत शिकून पुढे जर्मनीतील उल्म येथील प्रसिद्ध डिझाइन विद्यालयात गेले होते. तिथेच पुढे र. कृ. जोशी शिकवू लागले. सुलेखनकार, कवी, जाहिरात क्षेत्रात उमेदवारी केलेला माणूस. विंडोज २००० या प्रणालीबरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचा. आपल्यापैकी अनेकांनी संगणकावर पहिली मराठी अक्षरे पाहिली ती याच वळणाची. आणि याच संस्थेत प्रा. अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या प्रश्नाला, म्हणजे मराठी कळफलकाच्या प्रश्नाला, हात घातला. त्यांची पार्श्वभूमीही अशीच मिश्र: आधी विद्युत अभियांत्रिकी, मग डिझाइन, मग संगणकशास्त्रात संशोधन. चित्रकार, कवी आणि अभियंते यांना एका छपराखाली काय काम असेल, असे वाटणाऱ्यांनी पुढचे वाचावे.

अक्षरे किती?

इंग्रजीची वर्णाक्षरे २६. प्रत्येकाला एक कळ दिली की काम झाले. मराठीत व्यंजने ३४ धरली तर एकट्या बाराखडीतच ३४ गुणिले १२, म्हणजे ४०८ अक्षरे होतात. दोन व्यंजनांच्या जोडाक्षरांच्या शक्यता ३४ गुणिले ३४, म्हणजे १,१५६. त्यातली बरीच भाषेत येत नाहीत हे खरे, पण जी येतात त्यांनाही पुन्हा काना, मात्रा, वेलांटी आहेच. प्रत्येक अक्षराला कळ देणे अशक्य. म्हणून अक्षराचे तुकडे करावे लागतात. प्रश्न एवढाच की तुकडे कसे करायचे. मराठी कळफलकांचा इतिहास हा बव्हंशी या एका प्रश्नाला दिलेल्या निरनिराळ्या उत्तरांचा इतिहास आहे.

टंकलेखन यंत्राने तुकडे केले ते आकाराचे. यंत्राला ध्वनीशी देणेघेणे नाही. कागदावर शाईचा कोणता ठसा कुठे उमटवायचा एवढेच त्याला कळते. त्यामुळे ‘कि’ लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी आणि मग ‘क’, कारण वेलांटी डावीकडे उमटते. तालुक्याच्या गावी टंकलेखनाच्या वर्गाला सहा सहा महिने जाऊन मुले हे बोटांत बसवत. बसल्यावर वेग उत्तम येई. परंतु ते बसवायला सहा महिने लागत, ही गोष्ट डिझायनरच्या दृष्टीने साधी नाही.

१९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलक प्रमाण ठरवला. त्यात तुकडे ध्वनीचे आहेत. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. मराठी शब्दात व्यंजनामागून स्वर येतो, म्हणून हात आळीपाळीने चालतात. ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळीवर, ‘ग’ आणि ‘घ’ एकाच कळीवर. महाप्राण हवा असेल तर शिफ्टची कळ दाबायची. वर्णमालेचे शास्त्र ज्याला ठाऊक आहे त्याला ही रचना पाहून आनंद व्हावा. आणखी एक सोय नायगावच्या शिक्षकांना विशेष भावेल. तेलंगणाची सीमा तिथून जवळ, कित्येक मुलांच्या घरी तेलुगू. ब्राह्मीपासून निघालेल्या प्रमुख भारतीय लिपींना इन्स्क्रिप्टची मांडणी एकच आहे. मराठीच्या ‘क’ला जी कळ, तीच तेलुगूच्या ‘क’ला.

मग अडले कुठे? ‘स्वातंत्र्य’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला त्यात ३ अक्षरे दिसतात: स्वा, तं, त्र्य. संगणकाच्या हिशेबी मात्र ते ११ तुकडे आहेत: स, हलन्त, व, काना, त, अनुस्वार, त, हलन्त, र, हलन्त, य. यातल्या हलन्ताशी गाठ पडली की नवखा माणूस थबकतो. पहिलीपासून आपण ‘अर्धा स’ आणि ‘व’ असे शिकवत आलो. पाय मोडण्याची खूण आधी उमटवायची आणि पुढचे अक्षर आले की ती नाहीशी होऊन जोडाक्षर बनते, हे शास्त्रशुद्ध असले तरी त्याच्या अपेक्षेबाहेरचे आहे. त्याच्या मनातले चित्र आणि यंत्राच्या आतले चित्र जुळत नाही. डिझायनरचे बरेचसे काम या दोन चित्रांमधल्या फटीत चालते.

रोमन लिपीतून मराठी लिहिण्याच्या सोयीने ही फट बुजली नाही, ती दुसरीकडे सरकली. टाळ, ताल आणि ताळ या तीन शब्दांचे रोमन स्पेलिंग लोक एकच करतात. वेल आणि वेळ, काल आणि काळ यांचीही तीच गत. ‘ज्ञान’ लिहायला मराठी माणूस डी-एन-वाय टंकतो, कारण तो उच्चार ‘द्न्यान’ करतो. हिंदीच्या सवयीने बनवलेल्या सोयीला जी-वाय हवे असते. शब्दकोशाच्या आधाराने यंत्र आता पुष्कळदा बरोबर अंदाज करते, हे मान्य. पण ज्या मुलाला इंग्रजी वर्णाक्षरे अजून नीट येत नाहीत, त्याला मातृभाषेत एक वाक्य लिहायला आधी परकी लिपी शिका म्हणणे मला तरी विचित्र वाटते.

वापरणाऱ्याला आधीच काय येते?

या ठिकाणी डिझायनरची रीत उपयोगी पडते. तो आधी विचारतो: ज्याच्यासाठी हे करायचे त्याला आजच काय येते? हे उत्तर खोलीत बसून मिळत नाही. माणूस जिथे काम करतो तिथे जाऊन, उस्तादाजवळ शागीर्द बसतो तसे बसून पाहावे लागते. तो कुठे थांबतो, कुठे मागे जातो, काय पुटपुटतो. “तुम्हाला काय हवे?” असे विचारून फार हाती लागत नाही. माणसे सभ्यपणाने “चांगले आहे” म्हणतात. हातच्याच्या गणितात मूल नेमके कुठे चुकते हे त्याच्या खांद्यावरून पाहणाऱ्या शिक्षकाला ही पद्धत नवी नाही.

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला येते ती वर्णमाला आणि बाराखडी. ‘ध’ कुठे सापडेल, असे विचारा. तो “त थ द ध न” म्हणत तिथे पोहोचतो. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी आधी ‘कीलेख’ नावाचा कळफलक वर्णमालेच्या रचनेवर बेतला. २००४ साली व्हिएन्नाच्या परिषदेत तो मांडला गेला. पुढे स्पर्शपडद्याचे फोन आले आणि २०१३ साली ‘स्वरचक्र’ आले. त्यात व्यंजने क-वर्ग, च-वर्ग अशा वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली. ‘क’ला बोट लावले की त्याच्याभोवती एक चक्र उमलते: का, कि, की, कु, कू अशी बाराखडीच गोल करून ठेवलेली. हव्या त्या दिशेला बोट सरकवायचे आणि उचलायचे. हलन्ताकडे बोट नेले की सारा कळफलक बदलतो आणि प्रत्येक कळीवर पुढे होऊ शकणारे जोडाक्षर तयार दिसते. ‘स’चा पाय मोडला की ‘व’च्या जागी ‘स्व’ दिसू लागते. हलन्त म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरजच उरत नाही. चॅपॅनिसच्या रबरी चाकाची आठवण यावी असा हा उपाय आहे.

चक्रच का, उभी यादी का नाही? याला एक मोजता येणारे कारण आहे, आणि ते वर्गात करून पाहता येते. एका कागदावर २० सेंटिमीटर अंतरावर दोन उभे पट्टे काढा, प्रत्येक १ सेंटिमीटर रुंद. विद्यार्थ्याने पेन्सिलीने एकदा या पट्ट्यात, एकदा त्या पट्ट्यात असे १५ सेकंद जमेल तितक्या वेगाने ठिपके द्यायचे. पट्ट्याबाहेरचा ठिपका बाद. मग पट्टे ४ सेंटिमीटर रुंद करून पुन्हा. आता अंतर १० सेंटिमीटर करून पुन्हा. आकडे फळ्यावर मांडा. जवळचे आणि रुंद लक्ष्य लवकर साधते हे मुले करण्याआधीच सांगतील. गंमत पुढे आहे. अंतर आणि रुंदी दोन्ही दुप्पट केली तर ठिपक्यांची संख्या जवळजवळ तीच राहते, कारण लागणारा वेळ त्यांच्या गुणोत्तरावर, नेमके सांगायचे तर गुणोत्तराच्या लॉगॅरिदमवर अवलंबून असतो. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली हा नियम मांडला. त्याचा प्रयोग जवळपास असाच होता, फक्त कागदाच्या जागी धातूच्या पट्ट्या होत्या. (युद्धानंतर वैमानिकांच्या चुकांचा अभ्यास करणाऱ्यांतही फिट्स होताच.) उभ्या यादीत दहावा पर्याय पहिल्यापेक्षा दूर पडतो. चक्रात मात्र सर्व पर्याय बोटापासून सारख्याच अंतरावर असतात, आणि पाकळी बाहेरच्या बाजूला रुंद होत जाते. शिवाय ‘की’ कोणत्या दिशेला हे काही दिवसांनी बोटालाच पाठ होते.

इथपर्यंतची सारी युक्तिवादाची बाजू झाली. संशोधनाची सवय असलेल्या माझ्यासारख्याला या व्यवसायाची सर्वांत आवडणारी गोष्ट ही, की इतका सुंदर युक्तिवाद हाती असूनही तेवढ्यावर समाधान मानायचे नसते. नमुना बनवायचा, लोकांच्या हाती द्यायचा आणि मोजायचे. ठरावीक वाक्ये देऊन मिनिटाला किती अक्षरे होतात, किती चुका होतात, किती खोडावे लागते. पहिला नमुना पुठ्ठ्याचाही चालतो. पुठ्ठ्यावर दोन मांडण्या काढून “ध दाखव, भ दाखव, ण दाखव” म्हणत घड्याळ लावले तरी मांडणीतला फरक दिसू लागतो.

किती माणसांवर मोजायचे? दोष शोधणे एवढाच हेतू असेल तर थोडी पुरतात. याकोब नील्सन आणि थॉमस लँडाउअर यांनी १९९३ साली अनेक चाचण्यांच्या आधारे दाखवले की एक वापरणारा सरासरी ३१ टक्के दोष उघड करतो. म्हणजे ६९ टक्के लपून राहतात. पाच जण तपासले तर लपून राहणारे ०.६९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.१६. पाच माणसांत ८४ टक्के दोष हाती! दहावीच्या वर्गाला देण्याजोगे उदाहरण आहे. मात्र त्यात एक गृहीत दडले आहे, ते मुलांना शोधू द्यावे: पाचही जण एकाच धाटणीचे हवेत, आणि सर्व दोष सापडण्याची शक्यता सारखी हवी. मुंबईतले पाच महाविद्यालयीन विद्यार्थी तपासून नायगावच्या आजोबांची अडचण कळणार नाही. शिवाय दोष शोधणे वेगळे आणि दोन कळफलकांत सरस कोणता हे ठरवणे वेगळे. दुसऱ्या कामाला माणसेही जास्त लागतात आणि दिवसही.

दिवस का, तर सरावाने वेग वाढतो आणि सर्वांवर तो सारखा वाढत नाही. वेळ आडव्या अक्षावर आणि वेग उभ्या अक्षावर घेतला तर पहिल्या दिवशी वर असलेली रेषा महिन्याभराने खाली असू शकते. दहा बोटांनी, न पाहता चालणारा इन्स्क्रिप्ट सुरुवातीला छळतो आणि नंतर पळतो. बोट लावून सरकवायचे चक्र पहिल्या तासातच साथ देते. कार्यालयात दिवसभर मराठी टंकणाऱ्याला आणि आठवड्यातून चार निरोप लिहिणाऱ्या पालकाला एकच कळफलक योग्य ठरवणे मला पटत नाही. शाळेने मुलांना काय शिकवावे? माझे मत असे की, संगणक आहे तिथे पाचवी-सहावीपासून इन्स्क्रिप्ट शिकवावा, कारण त्या वयात बोटे लवकर वळतात आणि तो पुढे कोणत्याही संगणकावर उपयोगी पडतो. त्याआधी फोनवर मात्र वर्णमालेच्या क्रमाचा कोणताही कळफलक द्यावा, रोमनच्या वाटेने नेऊ नये.

एक खास मराठी अडचण इथे सांगायलाच हवी. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत पहिले पूज्य गुरुजन, दुसरे स्वयंपाकी. मानधनाचा कागद काढताना हा फरक महत्त्वाचा ठरावा! हिंदीला या दुसऱ्या ‘ऱ्य’ची गरज नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या कळफलकांत तो शोधावा लागतो. युनिकोडमध्ये तो ज्या ‘ऱ’पासून बनतो ते अक्षर मुळात द्राविडी भाषांतील ‘र’ देवनागरीत दाखवण्यासाठी ठेवलेले आहे. इन्स्क्रिप्टवर ते शिफ्ट दाबून ‘र’च्या कळीवर मिळते, पुढे हलन्त आणि ‘य’. ‘ॲ’ या अक्षराला तर युनिकोडमध्ये २००८ साली जागा मिळाली आणि राज्य शासनाने २००९ साली वर्णमालेत त्याचा समावेश केला. आपली गरज कोणीतरी नीट पाहून मांडल्याशिवाय यंत्रात शिरत नाही, याचे हे दोन पुरावे.

आता बोलून लिहिण्याची सोय आली आहे. कळफलकच नको, असे काही जण म्हणतात. प्रमाण मराठीत सावकाश बोलले तर ती पुष्कळ साथ देते. पण नांदेड-लातूरकडचे मूल “शाळेला जाऊलालो” म्हणते. हे वाक्य वर्गातल्या दहा मुलांना आपापल्या घरच्या बोलीत फोनपुढे म्हणायला सांगावे. फोनने काय लिहिले ते शब्दशः वहीत उतरवावे, किती वेळा बरोबर, किती वेळा दुसराच शब्द, किती वेळा बोली बदलून प्रमाण रूप लिहिले, असे तीन रकाने करावेत. शेजारी मुलाने मग काय केले तेही लिहावे: पुन्हा तेच म्हटले, की बोलणे बदलले.